मुळा-मुठेचे पाणी मोजताना सुटणारे हिशेब

पुण्याची मुळा-मुठा प्रदूषित आहे, हे सांगण्यासाठी आता नव्या अहवालाची गरज उरलेली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा त्यांतले सर्वाधिक, म्हणजे ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रात होते, आणि मुळा व मुठा या दोन्ही नद्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट प्राधान्यगटात होत्या. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. देशाचा जलप्रदूषण कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९७४ साली आला. पाणी तपासण्याची व्यवस्था आपल्याकडे उशिरा आली, असे म्हणायला त्यामुळे जागा नाही. नमुने घेतले जातात, आकडे प्रसिद्ध होतात, दरवर्षी वर्तमानपत्रांत 'मुठा मृतप्राय' असा मथळा येतो आणि पुढच्या वर्षी तोच मथळा पुन्हा येतो. माझे म्हणणे असे आहे की, यात दोष आकडे कमी असण्याचा नसून ते ज्या पद्धतीने गोळा केले जातात आणि मांडले जातात त्या पद्धतीचा आहे. नदीचा दर्जा आपण अशा रीतीने मोजतो की त्यातून नदी किती वाईट आहे एवढेच कळते. ती कोणी, कोठे आणि किती बिघडवली हे कळत नाही. ज्या मोजमापातून जबाबदारी निश्चित होत नाही, त्याच्यावर कितीही खर्च केला तरी नदीच्या पाण्यात फरक पडण्याचे कारण नाही.

मुठेचे वेगळेपण आधी लक्षात घ्यायला हवे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठते आणि ते पुण्याच्या नळांना, तसेच कालव्यांवाटे हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला जाते. धरणे भरली आणि वरून येवा चालू राहिला की मगच खडकवासल्याच्या दरवाजांतून नदीपात्रात विसर्ग सोडला जातो. एरवी, म्हणजे वर्षातले बहुतेक महिने, धरणाच्या खाली मुठेला स्वतःचे म्हणावे असे पाणी जवळजवळ नसते. विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल, भिडे पूल, डेंगळे पूल अशा ठिकाणी उन्हाळ्यात जे वाहताना दिसते ते शहराने वापरून टाकलेले पाणी असते: काही शुद्धीकरण केंद्रांतून प्रक्रिया होऊन आलेले, काही नाल्यांतून थेट आलेले. तेव्हा मे महिन्यात पुण्याच्या डेक्कन भागात घेतलेला नमुना हा नदीच्या पाण्याचा नमुना आहे, असे समजणे हाच मुळात एक भाबडेपणा आहे. तो शहराच्या मैलापाणी व्यवस्थेचा नमुना असतो, आणि तसाच तो वाचला पाहिजे.

या एका गोष्टीमुळे मोजमापाचे सगळे गणित बदलते. आपल्याकडचे निकष सांद्रतेत सांगितलेले असतात, म्हणजे एका लिटरमध्ये अमुक इतके मिलिग्रॅम. मैलापाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू वापरतील याचे माप म्हणजे बीओडी. स्नानासाठीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. २०१८ च्या यादीत ज्या पट्ट्यांत तो ३० च्या वर आढळला ते पहिल्या गटात घातले गेले. पण सांद्रता हे गुणोत्तर असते, आणि गुणोत्तरात छेद बदलला की अंश तसाच राहूनही उत्तर बदलते. शहरातून रोज १०० दशलक्ष लिटर मैलापाणी प्रक्रियेविना नदीत जाते आणि त्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, असे उदाहरणादाखल धरू. हिशेब केला तर तो रोजचा २० टन भार होतो. ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून १०,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला १०,००० घनफूट, विसर्ग चालू असेल, तर दिवसाला जवळपास साडेचोवीस हजार दशलक्ष लिटर पाणी पात्रातून जाते आणि हा संपूर्ण २० टन भार त्यात मिसळूनही बीओडीमध्ये लिटरला एक मिलिग्रॅमचीसुद्धा भर पडत नाही. विसर्ग १,००० क्युसेकवर आला की तीच भर आठ मिलिग्रॅम होते. दरवाजे बंद झाले, पात्रात केवळ प्रक्रिया झालेले ४०० दशलक्ष लिटर पाणी उरले, तेही लिटरला १० मिलिग्रॅम इतके चांगले शुद्ध केलेले आहे असे मानले, तरी एकत्रित पाण्याचा बीओडी ४८ मिलिग्रॅमवर जातो. शहराचे वर्तन तिन्ही वेळा अगदी सारखेच होते. कागदावर मात्र एकदा नदी निर्मळ, एकदा मध्यम आणि एकदा मरणासन्न ठरली.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि धोरणाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. उन्हाळ्यातल्या त्या मिश्रणात रोजचा एकूण भार २४ टनांचा आहे. त्यांतले २० टन प्रक्रियेविना आलेल्या एक पंचमांश पाण्यातून आले आणि उरलेल्या चार पंचमांश पाण्याने मिळून फक्त ४ टनांची भर घातली. म्हणजे 'शहरातल्या ८० टक्के मैलापाण्यावर प्रक्रिया होते' हे विधान खरे असूनही नदीच्या दृष्टीने ते फारसे काही सांगत नाही. सुटलेले २० टक्केच नदीचे भवितव्य ठरवतात. महापालिकेच्या भैरोबा, नायडू, एरंडवणे, बोपोडी, विठ्ठलवाडी, मुंढवा, खराडी, बाणेर, तानाजीवाडी या केंद्रांची एकत्रित क्षमता दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर आहे, ही माहिती अनेक अहवालांत ठळकपणे दिलेली असते. क्षमता म्हणजे प्रत्यक्ष आत आलेले पाणी नव्हे, आणि आत आलेले पाणी म्हणजे निकषाप्रमाणे शुद्ध होऊन बाहेर पडलेले पाणीही नव्हे. या तीन आकड्यांमधली तफावत हीच नदीची खरी कथा आहे, आणि नदीपात्रातल्या नमुन्यात ती वेगळी दिसूच शकत नाही.

वार्षिक सरासरीची प्रथा या गोंधळात भर घालते. पावसाळ्यातले आकडे आणि उन्हाळ्यातले आकडे एकत्र करून काढलेली सरासरी ही कोणत्याच दिवशीच्या नदीची नसते. एखाद्या वर्षी धरणे लवकर भरली, विसर्ग ऑक्टोबरपर्यंत चालला, तर सरासरी सुधारते आणि 'नदीच्या गुणवत्तेत वाढ' अशी बातमी होते. श्रेय पावसाचे आणि ते घेणारे भलतेच. जलसंपदा विभागाकडे विसर्गाची तासागणिक नोंद असते, पावसाळ्यात क्युसेकचे आकडे घरोघरी फोनवर फिरत असतात, आणि तरीही पाण्याच्या गुणवत्तेच्या तक्त्यात नमुना घेतला त्या वेळी प्रवाह किती होता हा एक साधा रकाना नसतो. हा रकाना नसेल तर पुढच्या सगळ्या रकान्यांचा अर्थ लावणे अशक्य आहे, असे मी म्हणेन.

नमुना घेण्याच्या कृतीकडेही जरा जवळून पाहायला हवे. पुलाच्या कठड्यावरून दोरीला बांधलेली बादली खाली सोडणे ही नेहमीची रीत आहे. ज्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही, त्यात बादली आपटली, वर खेचताना हिंदकळली आणि मग तिच्यातून बाटली भरली, की हवेतला प्राणवायू तेवढ्यात पाण्यात उतरतो. म्हणूनच प्राणवायूच्या तपासणीसाठी ३०० मिलिलिटरची, घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची बाटली वापरतात. ती पाण्याखाली हळूहळू, एकही बुडबुडा न ठेवता भरावी लागते आणि जागेवरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइडचे द्रावण घालावे लागते. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका तयार होतो, नसेल तर तो पांढरा राहतो. पुढे प्रयोगशाळेत आम्ल, स्टार्च आणि थायोसल्फेट वापरून निळा रंग नाहीसा होईपर्यंत मोजणी होते आणि अचूक आकडा मिळतो. परंतु पांढरा साका पाहणाऱ्याला त्या आकड्याची वाट पाहावी लागत नाही. पुण्याच्या उंचीवर २५ अंश तापमानाला स्वच्छ पाणी लिटरला साधारण पावणेआठ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते, आणि माशांना निदान चारेक मिलिग्रॅम तरी लागतो. बुचात राहिलेला एक बुडबुडा या मोजणीत फरक पाडू शकतो, ही गोष्ट आकडेवारीच्या तक्त्यात कधी दिसत नाही.

त्याहून मोठा फरक वेळेचा असतो. नमुना बहुधा कार्यालयीन वेळेत, दिवसा उजेडी घेतला जातो. उन्हात शेवाळे प्राणवायू सोडते, रात्री तेच शेवाळे आणि घाण कुजवणारे जिवाणू तो वापरतात, त्यामुळे साचलेल्या हिरव्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर आणि पहाटे शून्याजवळ असे होऊ शकते. मासे मरायचे असतील तर ते पहाटेच मरतात. शहराच्या मैलापाण्याचाही रोजचा ठरलेला चढउतार असतो. सकाळी घरोघरी नळ सुरू झाले की काही तासांनी नाल्यांना फुगवटा येतो. शुद्धीकरण केंद्राची वीज गेली, पंप बंद पडला किंवा टँकरवाल्याने अंधारात नाल्यात नळी सोडली, तर महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पुलावरून घेतलेल्या नमुन्यात त्यातले काहीही सापडण्याची शक्यता अगदी थोडी आहे. महिन्याला एक नमुना हे दूरवरच्या, संथपणे बदलणाऱ्या नदीसाठी ठीक आहे. तासातासाला बदलणाऱ्या शहरी नदीसाठी ते अपुरे आहे.

आता निर्देशांकाकडे वळू, कारण सामान्य वाचकापर्यंत पोहोचते ते हेच एक माप. आपल्याकडे नदीच्या पाण्याचा गुणवत्ता निर्देशांक काढताना अमेरिकेत १९७० च्या सुमारास तयार झालेल्या पद्धतीत बदल करून चार घटक घेतले गेले आणि त्यांना भार दिले गेले: विरघळलेला प्राणवायू ०.३१, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू ०.२८, सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लता-अल्कतेचे माप) ०.२२ आणि बीओडी ०.१९. चौघांचे गुण भाराप्रमाणे मोजून त्यांची बेरीज केली जाते. ६३ ते १०० मध्ये येणारे पाणी 'चांगले ते उत्कृष्ट', ५० ते ६३ 'मध्यम ते चांगले', ३८ ते ५० 'वाईट' आणि त्याखालचे 'अतिवाईट'. आता सामूचा विचार करा. घरगुती मैलापाण्याचा सामू साधारणपणे सातच्या आसपास, म्हणजे उदासीनच असतो. आम्ल किंवा अल्क सोडणारा कारखाना नसेल तर गटार आणि झरा या दोघांनाही सामूचे जवळपास सारखेच गुण मिळतात. म्हणजे शंभरांपैकी बावीस गुणांच्या आसपासची ही देणगी नदीला काहीही न करता पदरात पडते. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामू उपयुक्त आहे यात शंका नाही. मैलापाण्याने बिघडलेल्या नदीत तो जवळजवळ निरुपयोगी आहे.

याहून गंभीर दोष बेरजेतच आहे. कोलिफॉर्मचा निकष पूर्णपणे नापास झाला, त्याला शून्य गुण मिळाले, तरी उरलेल्या तिघांकडे मिळून ७२ गुण शिल्लक राहतात, आणि 'चांगले ते उत्कृष्ट' हा शेरा ६३ पासून सुरू होतो. म्हणजे विष्ठेने दूषित झालेले, ज्यात लहान मूल उतरले तर आजारी पडेल असे पाणीही, ते खळाळते असेल आणि त्यात प्राणवायू बरा असेल तर कागदावर चांगले ठरू शकते. बंधाऱ्यावरून पाणी खाली कोसळते त्या जागेच्या थोडे पुढे नमुना घेतला तर असे घडायला फारसा वेळ लागणार नाही. आश्चर्य याचे वाटते की, याच देशात हवेचा निर्देशांक काढताना नेमकी उलट पद्धत वापरली जाते. २०१५ पासून वापरात असलेल्या हवेच्या निर्देशांकात प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला जो सर्वांत वाईट असेल तोच त्या दिवसाच्या हवेचा निर्देशांक म्हणून जाहीर करतात. ओझोन चांगला आहे म्हणून सूक्ष्म धूलिकणांना सूट मिळत नाही. फुप्फुसांना जो न्याय लावला, तो नदीला लावायला कोणती तांत्रिक अडचण आहे, हे मला उमगलेले नाही.

कोलिफॉर्मच्या आकड्याचेही एक दुखणे आहे. हे जिवाणू मोजण्याच्या रूढ पद्धतीत पोषक द्रावाच्या नळ्यांच्या तीन ओळी लावतात, कोणत्या ओळीत किती नळ्यांत वायू तयार झाला ते पाहतात आणि तक्त्यावरून संभाव्य संख्या ठरवतात. नेहमीच्या पाच-पाच नळ्यांच्या तक्त्यात सगळ्या नळ्या बाधित निघाल्या तर उत्तर '१६०० पेक्षा जास्त' एवढेच येते. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरमागे ही संख्या दहा लाखांच्या, कोटींच्या घरात असते. नमुना आधी पुरेसा विरळ केला नाही, तर दोन हजार आणि दोन कोटी या दोहोंची नोंद सारखीच होते. अशा नोंदी महिनोन्महिने एका रांगेत दिसल्या की परिस्थिती 'स्थिर' वाटते. प्रत्यक्षात मोजपट्टी संपलेली असते. अशा तक्त्यातून एखादे केंद्र सुरू झाल्यावर नदीत दहापट सुधारणा झाली तरी ती दिसणार नाही, आणि दहापट बिघाड झाला तरीही नाही.

निर्देशांकाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो अगदीच फोल नाही: लोकांना एकच आकडा समजतो, पाच रकाने समजत नाहीत. पण एक आकडा हवाच असेल तर तो कोणत्या वापरासाठी, हे आधी ठरवले पाहिजे. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत पाण्याचे अ ते इ असे पाच वर्ग वापरानुसारच केले आहेत: केवळ निर्जंतुक करून पिण्याजोगे, स्नानाचे, प्रक्रिया करून पिण्याजोगे, मासे व वन्यजीवांसाठीचे, आणि सिंचन वा कारखान्यांसाठीचे. ही कल्पना चांगली आहे. तिचा शेवटचा वर्ग मात्र पुण्याच्या बाबतीत अपुरा पडतो. त्यात सामू, क्षारता, सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन एवढेच पाहिले जाते. बीओडीही नाही आणि जिवाणूही नाहीत. म्हणजे जमीन खारावणार नाही ना, याची काळजी घेतलेली आहे. त्या पाण्यात दिवसभर गुडघाभर उभे राहून दारे धरणाऱ्या माणसाची आणि त्या पाण्यावर पिकलेली कोथिंबीर कच्ची खाणाऱ्याची घेतलेली नाही.

हा मुद्दा पुण्यात काल्पनिक नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, नदीचे पाणी उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या बेबी कॅनॉलमध्ये, सोडले जाते आणि ते शेतीला जाते. वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी असे शेतीला द्यावे, ही मूळ योजना होती. धरणातले पाणी शहराला आणि शहराचे शुद्ध केलेले पाणी शेतीला, हा व्यवहार तत्त्वतः उत्तम आहे आणि पाण्याची टंचाई पाहता तो अपरिहार्यही आहे. अडचण एवढीच की, उचलले जाणारे पाणी हे नदीतले मिश्रण असते, शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी मिळणारे पाणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या सिंचनासाठी १०० मिलिलिटरला १,००० विष्ठाजन्य कोलिफॉर्मची मर्यादा सुचवली होती. आपल्या वर्गवारीत तशी मर्यादाच नसल्यामुळे या कालव्याचे पाणी नियमाप्रमाणे 'योग्य' आहे की नाही, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. आणि त्या शिवारांतली पालेभाजी पुन्हा पुण्याच्याच बाजारात येते.

खाली जाऊ तसा प्रश्न बदलत जातो. थेऊरच्या चिंतामणीच्या पायथ्यावरून पुढे गेलेली मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात थांबते. वाहत्या नदीत जो स्फुरद आणि नत्र फारसा दिसत नाही तो साचलेल्या जलाशयात शेवाळ्याचे खत होतो. उजनीचे पाणी हिरवे दिसते, मच्छीमारांच्या जाळ्यात मुख्यतः चिलापी येते, आणि तेच पाणी सोलापूर शहराला प्यायला आणि भीमेच्या पात्रातून पंढरपूरला वारकऱ्यांच्या स्नानाला जाते. पुण्याच्या पुलांवर मोजल्या जाणाऱ्या चार घटकांच्या निर्देशांकात स्फुरद नाही, अमोनिया नाही. पुण्याच्या दृष्टीने नदी पुण्याच्या हद्दीत संपते, असाच याचा अर्थ होतो. उजनीच्या लाभक्षेत्रातल्या लोकांनी पुण्याच्या नदीच्या मोजमापात कोणते घटक असावेत, हे सांगण्याचा अधिकार मागितला तर तो त्यांचा हक्कच आहे, असे मला वाटते.

मग मोजायचे काय आणि कोठे? माझ्या मते मोजणी नदीपात्रातून नाल्यांच्या तोंडाशी यायला हवी. आंबील ओढा, नागझरी, माणिक नाला, भैरोबा नाला, रामनदी, आणि त्यांच्याखेरीज काठावरून उघडपणे पडणारी छोटी-मोठी गटारे, हीच शहराच्या हिशेबाची खरी खाती आहेत. प्रत्येक मुखाशी पाण्याची पातळी मोजण्याची साधी पट्टी आणि ठराविक आकाराचा उंबरठा असेल तर प्रवाह काढणे अवघड नाही. हे तंत्र कालव्यांवर गेली शंभर वर्षे वापरात आहे. त्याच्या जोडीला चोवीस तासांचा एकत्रित नमुना, म्हणजे दर तासाला थोडे थोडे पाणी घेऊन एकत्र केलेला नमुना, घेतला की त्या नाल्याने दिवसभरात नदीत किती किलो घाण टाकली हे सरळ सांगता येते. दांडेकर पुलाखालून येणाऱ्या ओढ्यात वरच्या वस्तीची ड्रेनेज लाइन फुटली असेल तर ती या आकड्यात दिसेल. २०१७ आणि २०२१ साली महापालिकेत आलेल्या गावांमध्ये जिथे ड्रेनेजच पुरते झालेले नाही, तिथला भारही दिसेल. पुलावरच्या नमुन्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून नाहीशा होतात.

शुद्धीकरण केंद्रांच्या बाबतीतही असेच. केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा प्रसिद्ध होतो. केंद्राला वळसा घालून किती पाणी थेट सोडले गेले, हा आकडा प्रसिद्ध होत नाही. निकष कडक करण्याची चर्चा आपल्याकडे फार होते. २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांसाठी बीओडी २० ठरवला, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये तो १० वर आणण्यास सांगितले. दोन्ही योग्यच आहे. पण ४७७ दशलक्ष लिटरच्या संपूर्ण क्षमतेचे पाणी २० वरून १० वर आणले तर रोजचा भार पावणेपाच टनांनी कमी होतो, आणि २५ दशलक्ष लिटर कच्चे मैलापाणी नदीत जाण्याऐवजी केंद्रात पोहोचवले तरी जवळपास तेवढेच साधते. कोणत्या कामावर आधी पैसा खर्चावा याचे उत्तर अशा हिशेबातून मिळते. निर्देशांकातून ते मिळण्याची शक्यताच नाही.

जीवसृष्टीच्या मोजणीबद्दल थोडे. रासायनिक नमुना त्या क्षणाचा असतो. तळाच्या चिखलात राहणाऱ्या अळ्या, गोगलगायी, कृमी हे गेल्या कित्येक आठवड्यांची नोंद अंगावर वागवत असतात. लाल अळ्या आणि गाळातले बारीक लाल कृमीच उरले असतील तर त्या पाण्याला दीर्घकाळ प्राणवायू मिळालेला नाही हे समजावे. केंद्रीय मंडळाने जैविक निकषांची पद्धत तयार केलेली आहे, महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती शिकवताही येईल, आणि रात्री नाल्यात सोडलेल्या टँकरला ती फसत नाही. तिचा वापर इतका विरळ का, याचे कारण बहुधा एवढेच असावे की तिचे उत्तर न्यायालयात दाखवायला मिलिग्रॅममध्ये येत नाही.

आता प्रश्न पैशाचा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जसाहाय्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला; ११ नवी केंद्रे आणि ३९६ दशलक्ष लिटरची वाढीव क्षमता असा तो प्रकल्प. त्याच्या कामाचे भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी झाले, आणि त्याच दिवशी ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार योजनेचेही. काठ सुधारण्याला माझा तात्त्विक विरोध नाही. लोक नदीजवळ आले तर नदीकडे लक्ष जाईल, या म्हणण्यात तथ्य आहे. पण ही योजना पात्रात बंधाऱ्यांनी पाणी अडवून ते बारमाही दिसावे अशा कल्पनेवर उभी आहे, आणि अडवलेल्या पाण्याचे वर्तन वाहत्या पाण्यापेक्षा वेगळे असते. त्यात गाळ बसतो, तळाशी प्राणवायू संपतो, जलपर्णी फोफावते. पवनेच्या पात्रात दर उन्हाळ्याला हे घडताना पिंपरी-चिंचवडकर पाहतात. नाल्यांच्या तोंडाशी किती भार येतो हे माहीत नसताना त्या पाण्याला काठ बांधणे म्हणजे किती माणसे जेवायला येणार हे न विचारता पंगत मांडण्यासारखे आहे. किमान एवढी अट घालता येईल: ज्या टप्प्यात बंधारा बांधायचा, त्या टप्प्यात येणाऱ्या प्रत्येक नाल्याचा मार्च ते मे या तीन महिन्यांचा भार आधी मोजून जाहीर करावा, आणि तो ठरवलेल्या मर्यादेखाली आल्याशिवाय पाणी अडवू नये.

याला खर्च लागेल, मनुष्यबळ लागेल, हा आक्षेप खरा आहे. चोवीस तास चालणारी यंत्रे मैलापाण्यात बसवली तर त्यांच्या संवेदकांवर आठवड्यात चिकट थर चढतो आणि ती पुसायला माणूस लागतो. तो नसेल तर यंत्र आकडे देत राहते आणि ते आकडे काल्पनिक असतात. म्हणून सगळे काही यंत्रांवर सोपवावे, असे मी म्हणणार नाही. पुलांवरचे काही मासिक नमुने कमी करून तोच खर्च उन्हाळ्यातल्या नाल्यांच्या मोजणीवर वळवला तरी आजच्यापेक्षा खूप अधिक कळेल. आणि सुरुवातीला तर नव्या खर्चाचीही गरज नाही. धरणातून सोडलेल्या पाण्याची नोंद जलसंपदा विभागाकडे आहे, केंद्रांत आलेल्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याची महापालिकेकडे आहे, नदीतल्या पाण्याच्या तपासणीची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. तिन्ही नोंदवह्या वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या तारखांनी, वेगवेगळ्या एककांत ठेवल्या जातात: एक क्युसेकमध्ये, दुसरी एमएलडीमध्ये (दिवसाला दशलक्ष लिटर), तिसरी मिलिग्रॅममध्ये. त्या एका तक्त्यात, एकाच तारखेखाली, रोजच्या टनांत मांडून दर महिन्याला प्रसिद्ध कराव्यात, असा आदेश काढायला राज्य सरकारला ना निविदा लागते, ना कर्ज.